कोंबडी दाणे का सोडते?

सकाळी खुराडं उघडलं. सगळ्या कोंबड्या दाण्यांवर धावल्या. एक मात्र पंख फुगवून, मान आत ओढून पेंगत बसली. आपण म्हणतो, रोगानं तिची ताकद गेली. पण हे अर्धंच खरं आहे.

पिल्लांना जिवंत जंतू न देता मेलेल्या जंतूंच्या आवरणाचा अंश टोचला, तरी ती खाणं कमी करतात आणि मरगळतात. तिथे रोग तर नसतोच. मग भूक कोण बंद करतं? पिल्लाचं स्वतःचं शरीर! रोगाशी लढणाऱ्या पेशी सायटोकाइन नावाची रसायनं सोडतात. इंटरल्युकिन-१ आणि इंटरल्युकिन-६ ही त्यांतलीच. त्यांचा निरोप रक्तातून आणि मज्जातंतूंतून मेंदूच्या हायपोथॅलॅमसपर्यंत जातो. भूक, झोप आणि शरीराची उष्णता यांचा कारभार तिथेच चालतो. मग ताप चढतो, भूक मरते, हालचाल मंदावते. वाढीसाठीचं अन्न लढाईकडे वळतं. म्हणून वजनही थांबतं.

बेंजामिन हार्ट या अमेरिकी पशुवैद्यकानं १९८८ साली मांडलं, की आजारी जनावराचं असं वागणं हा निव्वळ अशक्तपणा नव्हे, ती शरीराची योजना आहे. त्याआधी, १९७९ साली, लिस्टेरिया जंतूंची लागण झालेल्या उंदरांना बळेच खाऊ घालून पाहिलं होतं; ते जास्त मेले. उंदीर म्हणजे कोंबडी नव्हे, हे खरं. पण चोच उघडून दाणे कोंबण्याआधी आपण थांबावं, एवढं त्यातून नक्की घेता येतं. पाणी मात्र जवळ हवंच.

आता आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांचा मुद्दा. न्यायशास्त्रात धुरावरून अग्नीचं अनुमान करतात. मरगळ हा धूर आहे. पण धुक्यालाही माणूस धूर समजतो! आपल्या मराठवाड्याच्या उन्हाळ्यातही कोंबडी दाणे सोडते. तेव्हा ती चोच उघडून धापा टाकते, पंख अंगापासून लांब धरते. लस दिल्यावरही एखादा दिवस सुस्ती येते. आणि धूर खरा असला, तरी आत काय जळतंय ते तो सांगत नाही. मानमोडी असो की बर्ड फ्लू, सुरुवातीची मरगळ सारखीच दिसू शकते.

हिंगोली १९९९ पर्यंत ज्या परभणी जिल्ह्यात होतं, तिथल्या मुरुंब्यात जानेवारी २०२१ मध्ये शेकडो कोंबड्या मेल्या आणि तपासणीत बर्ड फ्लू निघाला. या रोगात तर कधी मरगळ दिसायच्या आतच पक्षी मरतो. म्हणून जिथे धूर दिसतो, तिथे तो वाया घालवू नये.

आपल्याकडे होतं काय? कोंबडी मलूल दिसली, की 'मरायच्या आत' कापायची, नाहीतर आठवडी बाजारात विकायची. म्हणजे शरीरानं दिलेली सूचना आपण दुसऱ्याच्या खुराड्यात रोग म्हणून पोचवतो. त्याऐवजी ती वेगळी ठेवावी, तिला हाताळल्यावर हात धुवावेत आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावं. एका कोंबडीचे पैसे बुडतील, हे खरंच आहे; पण गल्लीतली बाकीची खुराडी वाचतील.