मडगार्ड आणि वापसा

नीरा आणि भीमा जिथे भेटतात, त्या नरसिंहपूरला पुणे जिल्हा संपतो. लक्ष्मी-नृसिंहाचं दर्शन घेऊन सायकल उसाच्या फडातल्या वाटेला घातलीत आणि आदल्या रात्री पाऊस झालेला असेल, तर गंमत बघा. शंभर-दोनशे मीटरांत चाक गच्च बसतं आणि सायकलवर आपण बसायचं सोडून सायकलच आपल्या खांद्यावर येते. खाली वाकून पाहिलं तर टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये काळ्या मातीचा घट्ट गोळा. चिखल अडवायला बसवलेल्या मडगार्डनेच तो साठवून ठेवलेला!

मडगार्डचं खरं काम पाण्याशी आहे. ताशी 25 किलोमीटर वेगाने जाणाऱ्या सायकलच्या टायरवरचा थेंब तिथेच टिकायचा, तर त्याला गुरुत्वाच्या सुमारे 14 पट जोराने धरून ठेवावं लागेल. टायरची पकड तेवढी नसते. थेंब सुटतो आणि त्या क्षणी टायरचा तो भाग ज्या दिशेला चाललेला असेल, त्याच दिशेने सरळ उडतो. मागच्या चाकाची मागची बाजू वर चढत असते, म्हणून सदऱ्याच्या पाठीवर चिखलाची उभी रेघ उमटते. पुढच्या चाकाचं पाणी बुटांवर आणि पॅडलच्या बेअरिंगवर येतं. म्हणून पुढचं मडगार्ड मागच्या बाजूने जमिनीच्या जितकं जवळ उतरेल, तितकं चांगलं.

दूधवाल्याच्या काळ्या सायकलीत चाकाभोवती ऐसपैस जागा असते. शर्यतीच्या सायकलीत ती नसते. पुणे ग्रँड टूरच्या निमित्ताने जानेवारी 2026 मध्ये बारामतीने अशा सायकली जवळून पाहिल्या. शर्यतीत मडगार्डचा प्रश्नच नव्हता. रोजच्या वापरात मात्र तो येतो. अशी सायकल कॅलिपर ब्रेकची असेल, तर त्या ब्रेकची पोच, म्हणजे बोल्टपासून ब्रेकच्या रबरापर्यंतचं अंतर, सहसा 39 ते 49 मिलिमीटर असते. त्याच्या कमानीखाली 28 मिलिमीटरचा टायर गेला की मडगार्डला जेमतेम फट उरते. 47 ते 57 मिलिमीटर पोचेचे ब्रेक मिळतात, पण ते सायकलीच्या सांगाड्यातच तेवढी जागा असेल तरच बसतात. नाहीतर 25 चा टायर घालून दोन-तीन मिलिमीटर मिळवायचे, किंवा मडगार्ड ब्रेकपाशी कापून त्याचे दोन तुकडे पुढे-मागे बांधायचे. डांबरी रस्त्यावर हे सगळं उत्तम चालतं, कारण पाणी अरुंद फटीतूनही निघून जातं.

काळी माती निघून जात नाही. ती दख्खनच्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन बनली आहे आणि तिच्यात माँटमोरिलोनाइट हे चिकणखनिज भरपूर असतं. त्याच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरलं की ते फुगतं. ओलाव्यानुसार बदलणाऱ्या मातीच्या अवस्थांना स्वीडनच्या अल्बर्ट अ‍ॅटरबर्ग यांनी 1911 मध्ये मोजमाप दिलं. आपला शेतकरी या अवस्था बोटांनी ओळखतो. कोरडी माती चिकटत नाही. वापसा आलेली, म्हणजे पाणी निचरून मशागतीजोगी झालेली, हातात भुसभुशीत फुटते. पार पातळ झालेली ओघळून जाते. वापसा येण्याआधीची, लोण्यासारखी मळली जाणारी ओली माती मात्र टायरलाही धरते आणि स्वतःलाही.

त्यात चाकाचा हिशोब भर घालतो. 28 मिलिमीटरचा टायर शंभर मीटरांत सुमारे 47 फेऱ्या मारतो. दर फेरीला कागदाच्या जाडीचा, म्हणजे 0.1 मिलिमीटरचा थर बसला असं धरलं, तरी साडेचार मिलिमीटरहून जास्त माती चढते. फट चार मिलिमीटरची असेल, तर शंभर मीटरांच्या आतच खेळ खलास. पुढे चाक जितकं रेटावं, तितकी ती माती दाबून अधिक घट्ट होते.

म्हणून मडगार्ड बसवताना टायरची रुंदी बघाच, पण आपल्या वाटेवरची मातीही बघा. बारामती-इंदापूरच्या डांबरी रस्त्यावरच फिरायचं असेल, तर अरुंद फटीचं मडगार्ड खुशाल बसवा. फक्त चाक फिरवून ते कुठे घासत नाही ना, एवढं तपासा. फडातून जायचं असेल, तर बोटभर फट हवी. तेवढी जागा नसेल, तर मडगार्ड काढून ठेवलेलं बरं. पाठ भिजेल, पण चाक फिरेल. आणि वाटेला लागण्याआधी चिमूटभर माती बोटांत चोळून बघा. ती भुसभुशीत फुटली तर पुढे व्हा. बोटाला चिकटली तर डांबर सोडू नका.