घरात फोन एक, शिकणारी मुले तीन

शाळेत संगणक हवा की नको, हा वाद आता संपला आहे. दहावीचा निकाल ऑनलाइन लागतो. २०२५ पासून अकरावीचा प्रवेशही सबंध राज्यात ऑनलाइन झाला. कॉलेजात गेलेल्या मुलाला शिष्यवृत्ती हवी असेल तर महाडीबीटीच्या संकेतस्थळावर अर्ज भरावा लागतो. ज्याला हे जमत नाही, त्याचा हक्क कागदावरच राहतो. म्हणून आपल्या मुलामुलींना हे तंत्र आलेच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. हे तंत्र शाळेने कोणाच्या खर्चाने, कोणाच्या घरात आणि कोणाच्या भरवशावर वापरायचे?

मी गेली बावीस वर्षे महापालिकेच्या शाळेत शिकवते. माझ्या वर्गातल्या मुलांचे आईवडील नाक्यावर उभे राहून काम शोधतात, रस्ते झाडतात, धुणीभांडी करतात, रात्रपाळीला वॉचमन म्हणून बसतात, रिक्षा चालवतात. या मुलांना शिकवताना मला जे पटले, ते पालकांपुढे ठेवते. ज्यांच्या घरी प्रत्येक मुलाला स्वतंत्र खोली आणि स्वतंत्र लॅपटॉप आहे, त्यांचे अनुभव वेगळे असतील. पण शिक्षणाची धोरणे ठरवताना त्यांच्या घराकडे पाहिले जाते आणि आपल्या घराकडे पाहायचे राहून जाते, म्हणून हा लेख.

पाच वाजताचा अभ्यास, नऊ वाजताचा फोन

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या आणि प्रत्येक वर्गाचा व्हॉट्सअॅप ग्रुप तयार झाला. त्या दिवसांत दुसरा इलाजच नव्हता. पुढे शाळा उघडल्या, फळा पुसून पुन्हा लिहिता झाला, पण ग्रुप मात्र राहिला. आता अनेक शाळांत अभ्यास ग्रुपवर टाकायची सवयच पडली आहे. शिक्षकालाही ते सोपे जाते. एक फोटो काढला, टाकला, काम झाले.

तो फोटो ग्रुपवर येतो संध्याकाळी पाच वाजता. फोन असतो वडिलांच्या खिशात आणि वडील असतात कामावर. ते नऊला घरी येतात, दुसरी पाळी असली तर मध्यरात्री. तोवर फोनची बॅटरी संपलेली, नेट संपलेले आणि मूल झोपलेले. घरात शिकणारी मुले तीन असतील तर एका फोनवर तिघांचे तीन ग्रुप. दुसऱ्या दिवशी वही कोरी असते. ‘‘ग्रुपवर टाकलं होतं ना?’’ असे शिक्षक विचारतात. मूल खाली मान घालून उभे राहते. ‘‘फोन पप्पांकडे असतो, बाई’’ एवढे एक वाक्य चाळीस मुलांसमोर बोलायला त्याला जड जाते. मग त्याच्या नावापुढे आळशी असा शेरा बसतो. तो शेरा खरे तर त्याच्या घरातल्या एकुलत्या एका फोनवर असतो, पण भोगावा लागतो मुलाला.

हे केवळ माझ्या वर्गाचे रडगाणे नाही. शाळा बंद होण्याच्या दोनच वर्षे आधी, २०१७-१८ मध्ये, केंद्र सरकारच्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातील १०० पैकी जेमतेम ११ घरांत संगणक होता आणि सुमारे २४ घरांत इंटरनेटची सोय होती. खेड्यांत संगणक असलेली घरे १०० मागे पाचसुद्धा नव्हती. अशा देशात शाळा रातोरात फोनवर नेली गेली.

त्यानंतर फोन घरोघर पोहोचला, हे खरे. ग्रामीण भागातील १४ ते १८ वर्षांच्या मुलांची ‘असर’ ही पाहणी २०२३ मध्ये झाली. त्यात सुमारे ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आढळला. पण घरात फोन असणे आणि तो मुलाच्या हाती असणे यांत फार अंतर आहे. त्याच पाहणीत फोन वापरता येणाऱ्या मुलग्यांपैकी जवळपास ४४ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, तर मुलींपैकी २० टक्क्यांकडेच. म्हणजे घरात फोन आला तरी तो आधी भावाच्या हाती जातो. बहीण भांडी घासून मोकळी होते तेव्हा तिची वेळ येते, आली तर.

केरळमध्ये एका विद्यार्थिनीने हा प्रश्न कोर्टात नेला. मुलींच्या वसतिगृहात संध्याकाळी सहा ते रात्री दहा फोन काढून घेण्याचा नियम होता. तिने तो मानला नाही म्हणून तिला वसतिगृहातून काढले. सप्टेंबर २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला आणि इंटरनेट वापरता येणे हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग मानला. मुलीच्या हातातून फोन ओढून घेण्याआधी भावाने आणि वडिलांनी हा निकाल आठवावा.

मी माझ्या वर्गापुरता एक नियम केला आहे. जो अभ्यास करावाच लागणार, तो फळ्यावर लिहायचा आणि मुलांनी तो शाळेतच वहीत उतरवून घ्यायचा. ग्रुपवर फक्त सूचना आणि तीसुद्धा वहीत लिहून दिलेली असते. फोन नसल्यामुळे माझ्या वर्गातले एकही मूल मागे पडता कामा नये. यासाठी सरकारी आदेश लागत नाही, पैसाही लागत नाही. रोज दहा मिनिटे खडू हातात धरावा लागतो.

यंत्र चांगले, पण शिकवणाऱ्याच्या हाती

मी तंत्राच्या विरोधात आहे असा कोणी समज करून घेऊ नये. हृदयाचे ठोके कसे पडतात, रक्त कुठून कुठे जाते, हे फळ्यावर काढून दाखवताना माझे हात दुखायचे आणि मुलांना कळायचे निम्मे. पडद्यावर तेच दोन मिनिटांत दिसते. ज्वालामुखी, भरती-ओहोटी, इंग्रजी शब्दांचे उच्चार, या गोष्टी शिकवायला पडद्यासारखे साधन नाही. ज्या मुलाला नीट दिसत नाही त्याला धडा ऐकता येतो. बालभारतीच्या पुस्तकांत छापलेला चौकोनी क्यूआर कोड फोनने टिपला की ‘दीक्षा’ या सरकारी अॅपवर त्या धड्याची चित्रफीत उघडते. हे अॅप २०१७ साली सुरू झाले आणि त्याला पैसे पडत नाहीत. पाठ्यपुस्तकात असे कोड आणण्यासाठी धडपडणारे रणजितसिंह डिसले हे सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि बक्षिसाची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. खेड्यातल्या सरकारी शाळेतही हे तंत्र उत्तम वापरता येते, याला आणखी पुरावा कशाला हवा?

आपल्या मुलांना यंत्र जमणार नाही असे म्हणणारेही भेटतात. त्यांच्यासाठी दिल्लीचे उदाहरण आहे. १९९९ साली कालकाजी भागात सुगत मित्रा यांनी एका भिंतीला भोक पाडून त्यात संगणक बसवला. भिंतीपलीकडे झोपडपट्टी होती. तिथल्या मुलांना कोणी काही शिकवले नाही, तरी ती आपली आपण संगणक चालवायला शिकली. बुद्धी कोणा एकाच वस्तीची मिरासदारी नाही.

पण संगणक चालवता येणे म्हणजे भागाकार येणे नव्हे. दक्षिण अमेरिकेतील पेरू या देशाने शाळकरी मुलांना लाखो लॅपटॉप वाटले. २०१२ साली त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा गणितात आणि भाषेत मुलांची काही प्रगती झाल्याचे दिसले नाही. लॅपटॉप आले, पण त्यांवर काय आणि कसे शिकवायचे याची तयारी शिक्षकांकडून करून घेतली नव्हती. युनेस्कोनेही २०२३ च्या अहवालात बजावले की तंत्रज्ञान शिक्षकाला मदत म्हणून असावे, त्याची जागा त्याने घेऊ नये. स्वीडनसारख्या श्रीमंत देशाने त्याच वर्षी शाळांतील छापील पुस्तकांसाठी जादा पैसा काढला. ज्यांच्याकडे पडदे भरपूर, ते पुस्तकाकडे वळत आहेत आणि आपल्याला मात्र पुस्तकाऐवजी पडदा घ्या असे सांगितले जाते!

माझ्या अनुभवाने वर्गात एक मोठा पडदा चाळीस छोट्या फोनांपेक्षा जास्त कामाचा. सगळी मुले एकच चित्र पाहतात. मी मध्येच थांबवते आणि विचारते, ‘‘आता पुढं काय होईल?’’ हात वर होतात. चुकीचे उत्तर येते, मुले हसतात, मग बरोबर उत्तर सापडते. हे होते तेव्हा शिक्षण होते. फोनसमोर एकट्याने बसलेल्या मुलाला कळले की नाही, हे विचारणारे कोणी नसते.

यंत्राने लिहिलेली आई

अलीकडे एक नवीच गोष्ट सुरू झाली आहे. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आले आणि तेव्हापासून प्रश्न विचारला की उत्तर लिहून देणारी यंत्रे सर्वांच्या फोनवर आली. मी ‘माझी आई’ हा निबंध दिला होता. एका मुलीने फार शुद्ध भाषेत लिहून आणले. तिच्या निबंधातली आई सकाळी सगळ्यांना नाश्ता देते, बागेतल्या फुलांना पाणी घालते आणि रात्री गोष्ट वाचून दाखवते. या मुलीची आई पहाटे साडेचारला उठून झाडलोटीच्या कामाला जाते, हे मला ठाऊक होते. मी रागावले नाही. तिला जवळ बसवले आणि म्हटले, ‘‘ही कोणाची आई गं? तुझ्या आईबद्दल सांग.’’ ती बोलत गेली. आईच्या हाताला पडलेले घट्टे, पगाराच्या दिवशी आणलेली भजी, वहीवर सही करताना आईने सावकाश जुळवलेली तीन अक्षरे. मी म्हटले, ‘‘आता हेच लिही.’’ तो निबंध मी वर्गात वाचून दाखवला.

यंत्राला तिची आई माहीत नव्हती. त्याने कुठल्या तरी बंगल्यातली आई उचलून तिला दिली आणि मुलीला वाटले, निबंधात शोभते ती हीच आई. पिढ्यान्पिढ्या पुस्तकांत आपली माणसे नव्हती. आपल्या लोकांनी स्वतः लेखणी हातात घेतली तेव्हा कुठे ती आली. ती लेखणी पुन्हा दुसऱ्याच्या हाती देऊ नका. यंत्राकडून शब्दाचा अर्थ विचारा, अवघड गणिताची रीत विचारा, पण आपले बोलणे आपणच लिहा, हे मी मुलांना रोज सांगते.

पालकांनी काय करावे?

पहिली गोष्ट, शाळेत जा आणि विचारा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती नेमावी लागते. सरकारी शाळेच्या समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असा नियम आहे. म्हणजे तिथे बहुमत तुमचे आहे. शाळेतले संगणक चालू आहेत की कपाटात कुलुपबंद? आठवड्यातून किती तास मुलांचा हात त्यांना लागतो? अभ्यास फळ्यावर देता की फक्त ग्रुपवर? हे तीन प्रश्न बैठकीत विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा.

दुसरी गोष्ट, घरातल्या फोनची वेळ ठरवा. ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत १४ ते १६ वर्षांच्या ग्रामीण मुलांपैकी ८२ टक्क्यांना फोन वापरता येत होता. पण त्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरणारी त्यांच्यात ५७ टक्के आणि समाजमाध्यमांसाठी वापरणारी ७६ टक्के निघाली. म्हणून अभ्यासाचा फोन सर्वांच्या देखत असावा, पांघरुणात नको. एक तास असेल तर तिघांना वीस-वीस मिनिटे द्या आणि पहिली वीस मिनिटे मुलीला.

तिसरी गोष्ट, कर्ज काढून अभ्यासाचे अॅप घेऊ नका. दारावर येऊन, मुलाच्या भवितव्याची भीती घालून, हप्त्यावर कोर्स विकणारे खूप झाले आहेत. बालभारतीची पुस्तके ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. ‘दीक्षा’ फुकट आहे. नेट नसेल तर डीडी फ्री डिशवर शाळेच्या धड्यांच्या वाहिन्या महिन्याचे पैसे न भरता दिसतात. तसेच मुलाचे नाव, फोटो, आधार क्रमांक वाटेल त्या अॅपला देऊ नका. लहान मुलांची माहिती घेण्याआधी पालकांची संमती हवी, अशी तरतूद २०२३ च्या केंद्रीय कायद्यात आहे.

चौथी गोष्ट आपल्या सर्वांच्या हातची आहे. बाबासाहेबांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली तेव्हा वसतिगृहे आणि वाचनालये काढणे हे तिच्या कामात होते. ज्या मुलाच्या घरात अभ्यासाला जागा नाही, त्याला समाजाने जागा द्यायची, हा त्यामागचा विचार. आज वस्तीतल्या विहाराचा हॉल संध्याकाळी बहुधा रिकामा असतो. तिथे दोन जुने संगणक, एक नेटचे कनेक्शन आणि कॉलेजात शिकणारी दोन मुले रोज दोन तास, एवढे झाले तरी वस्तीतल्या कितीतरी मुलांचा अभ्यास मार्गी लागेल. शिष्यवृत्तीचे आणि प्रवेशाचे अर्ज तिथेच भरता येतील, सायबर कॅफेला पैसे द्यावे लागणार नाहीत. जयंतीच्या वर्गणीतून थोडा भाग यासाठी काढला तर कोणाची हरकत असणार?

यंत्र कोणाचेही वैरी नाही आणि कोणाचे सोयरेही नाही. ज्याच्या हाती ते जाईल त्याचे काम करील. ते मुलाच्या हाती शाळेत, शिक्षकाच्या देखत आणि सरकारच्या खर्चाने गेले पाहिजे, ही मागणी पालकांनी लावून धरावी. जून महिन्यात शाळेची पहिली पालक सभा होईल. त्या दिवशी अर्ध्या दिवसाचा खाडा झाला तरी चालेल, पण आईवडिलांपैकी एकाने तरी तिथे जावे आणि उभे राहून विचारावे, ‘‘आमच्या मुलाला अभ्यास फळ्यावर मिळणार का?’’