निर्मिकापासून धम्मापर्यंत

महाराष्ट्रात मानवतावाद देव नाकारूनच आला, असा समज अजूनही भेटतो. गेल्या दोन शतकांतला आपलाच इतिहास चाळला तर तो टिकत नाही.

१८४९ मध्ये दादोबा पांडुरंगांच्या पुढाकाराने मुंबईत परमहंस सभा निघाली. जातिबंधने मोडायची, पण गुपचूप. सभासदांची नावे फुटली आणि सभा विस्कटली. १८६७ मध्ये प्रार्थना समाज स्थापन झाला. त्याने एकेश्वरी उपासना उघडपणे सुरू केली, तरी त्याचा वावर शिकलेल्यांतच राहिला.

प्रश्नाच्या मुळाशी हात घातला तो जोतीराव फुल्यांनी. १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढताना त्यांनी देव सोडला नाही, देव आणि माणूस यांच्यामधला भट काढला. त्यांचा ‘निर्मिक’, म्हणजे निर्माता, सर्व स्त्रीपुरुषांना समान हक्कांसह जन्माला घालतो, मग ते हिरावून घेणारे आपण कोण? त्यांच्या मृत्यूनंतर, १८९१ मध्ये ‘सार्वजनिक सत्यधर्म’ प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी एक कुटुंब कल्पिले आहे : बाई बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान, मुलगा सत्यधर्मी, आणि सगळे एकमेकांचा द्वेष न करता एका घरात राहतात. एवढे धाडस आजही आपल्या घरांना पेलत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

गोपाळ गणेश आगरकर दुसऱ्या टोकाचे. ईश्वराबाबत अज्ञेयवादी. १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ हे पत्र काढले, ते केवळ विवेकाच्या भरवशावर. पुण्यातल्या सनातन्यांनी जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली. १८९५ मध्ये चाळिशीही न गाठता ते गेले. तरी विधवांचे केशवपन आणि मुलींचे शिक्षण यांबाबत या नास्तिकप्राय माणसाचे आणि निर्मिकाला मानणाऱ्या जोतीरावांचे मागणे एकच होते.

१९४७ मध्ये साने गुरुजींनी तर श्रद्धेलाच साकडे घातले. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून महाराष्ट्रभर दौरा केला आणि १ मे रोजी प्राणांतिक उपोषण सुरू केले. दहा दिवसांनी ते सुटले आणि पुढे दारही उघडले. हे उपोषण नास्तिकाला करता आले नसते, विठ्ठलावर जीव असणाऱ्यालाच ते जमले.

बाबासाहेब आंबेडकरांना तोवर देवळाचा दरवाजा पुरेसा वाटेनासा झाला होता. नाशिकच्या काळाराम मंदिरासाठी वर्षानुवर्षे सत्याग्रह करूनही प्रवेश मिळाला नव्हता. १९३५ मध्ये येवल्यात त्यांनी धर्मांतराची घोषणा केली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी लाखो अनुयायांसह दीक्षा घेतली ती ईश्वर न मानणाऱ्या बौद्ध धम्माची. धर्म त्यांनी टाकला नाही. त्याच्या केंद्रस्थानी माणसाचे माणसाशी असलेले वागणे आणले.