पूर्वजांचं परतीचं तिकीट

परदेशी म्युझियममध्ये अडकलेल्या अस्थी मायदेशी आणायच्या म्हटल्या की सगळ्यांच्या भावना उचंबळून येतात. बिल कोण भरणार, असं विचारलं की मात्र सगळे गप्प. म्हणून आम्ही तेच विचारायचं ठरवलं!

समजा, तेरखेड्याचा एक मुलगा हिंजवडीत नोकरीला आहे. हो, तेच तेरखेडा. धाराशिव जिल्ह्यातलं, सोलापूर-धुळे हायवेवरचं, फटाक्यांसाठी फेमस असलेलं. उद्या त्याच्या गाववाल्या रूममेटचं काही बरंवाईट झालं तर काय होतं? ग्रुपवर मेसेज पडतो. कुणी पाचशे टाकतो, कुणी दोन हजार. अँब्युलन्स ठरते आणि पहाटेपर्यंत गाडी गावात पोचते. माणूस आपल्या मातीत गेला पाहिजे, यावर आपल्याकडे चर्चा होत नाही. थेट वर्गणी होते.

आता हाच हिशेब शंभर वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाचा करून बघा. ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स म्युझियममध्ये साडेसहा हजारांच्या आसपास नागा वस्तू आहेत. त्यात भाले आहेत, शाली आहेत, दागिने आहेत आणि दोनशेहून अधिक मानवी अवशेषही आहेत. कुणाची तरी कवटी, कुणाचं तरी हाड. इंग्रज अधिकाऱ्यांनी ती गोळा केली, पेटीत भरली आणि पाठवून दिली. २०२० मध्ये म्युझियमने असे अवशेष शोकेसमधून काढले. ती बातमी नागा मानववंशशास्त्रज्ञ डॉली किकॉन यांच्या वाचनात आली आणि त्यांनी म्युझियमशी संपर्क साधला. तिथून फोरम फॉर नागा रिकन्सिलिएशन या संघटनेने काम हाती घेतलं. जून २०२५ मध्ये नागा प्रतिनिधी स्वतः ऑक्सफर्डला गेले, आपल्या पूर्वजांसमोर उभे राहिले आणि १३ जूनला त्यांनी जाहीरनामा काढला : आमची माणसं आम्हाला परत हवीत.

मग अडतंय कुठे? विमानाच्या भाड्यावर नक्कीच नाही. ते तर या सगळ्यातलं सगळ्यात स्वस्त काम! खरा खर्च त्याच्या आधी आणि नंतर असतो. म्युझियमच्या जुन्या कार्डावर गावाचं नाव असेलच असं नाही, म्हणजे आधी कागदपत्रं धुंडाळा. मग गावोगाव जाऊन वडीलधाऱ्यांशी बोला, तेही प्रत्येक जमातीच्या भाषेत. बहुतेक नागा आज ख्रिश्चन आहेत, मग शंभर वर्षांपूर्वीच्या पूर्वजाचा अंत्यविधी कुठल्या पद्धतीने करायचा? ज्याचं गावच कळत नाही, त्याला कुठे ठेवायचं? प्रत्येक प्रश्नामागे एक बैठक, प्रत्येक बैठकीमागे प्रवास आणि जेवणखाण. हे काम वर्षानुवर्षं चालतं. लोकांना सांगता यावं म्हणून या गटाने ‘अ पाथ होम’ नावाची चित्रकादंबरीसुद्धा काढली आहे.

अमेरिकेत यासाठी १९९० चा कायदा आहे. तिथलं केंद्र सरकार मूलनिवासी जमातींना आणि म्युझियमना अनुदान देतं, त्यातून शोधाशोध, पॅकिंग, वाहतूक सगळं भागतं. ऑस्ट्रेलियाच्या सरकारी कार्यक्रमामुळे दीड हजारांहून जास्त पूर्वज परदेशातून मायदेशी पोचले. आपला १९७२ चा पुरावस्तू कायदा मात्र मुख्यतः वस्तू देशाबाहेर जाऊ नयेत हे बघतो. बाहेर गेलेल्या अस्थींच्या परतीचं बजेट त्यात नाही.

आपण खर्च करत नाही असंही नाही बरं का. रघूजी भोसले यांची तलवार लिलावात निघाली तेव्हा महाराष्ट्र सरकारने ४७ लाख १५ हजार रुपये मोजले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ती ताब्यात घेतली. तलवार विकत घ्यायला हरकत नाही. पण अस्थी?

इथेच पिप्रहवाची गोष्ट येते. उत्तर प्रदेशातल्या या गावी १८९८ मध्ये विल्यम पेपे या इंग्रज जमीनदाराने स्तूप खणला. आत अस्थी, राख आणि शेकडो रत्नं. हे गौतम बुद्धांचे अवशेष, असं करंड्यावरच्या ब्राह्मी लेखात कोरलेलं. अस्थी सयामच्या राजाकडे गेल्या, बरीचशी रत्नं कलकत्त्याच्या म्युझियममध्ये आणि एक वाटा पेपे कुटुंबाकडे. मे २०२५ मध्ये तोच वाटा सदबीजने हाँगकाँगमध्ये विक्रीला काढला. अपेक्षा दहा कोटी हाँगकाँग डॉलर! भारत सरकारने नोटीस पाठवली, लिलाव थांबला आणि जुलैअखेर रत्नं परत आली. पैसे कुणाचे? आपल्या मुंबईच्या गोदरेज समूहाचे. मोठा भाग पाच वर्षांसाठी दिल्लीच्या राष्ट्रीय म्युझियमला उसना.

वाचलंत ना? उसना. रत्नं आली याचा आनंद आहेच आणि गोदरेजनी खिशात हात घातला नसता तर ती कुठल्या तिजोरीत गेली असती कोण जाणे. तरीही खटकतं. अस्थींसोबत श्रद्धेने पुरलेलं दान बौद्धांच्या लेखी अस्थींइतकंच पवित्र. त्याला भाव लागला, तो चुकता झाला आणि मालक बदलला. एकदा असा भाव मिळाला की पुढच्या पेपेला माळा साफ करावासा वाटणारच की! त्याआधी ऑक्टोबर २०२४ मध्ये इंग्लंडमधल्या एका लिलावात चक्क नागा कवटी आली होती. नागालँडचे मुख्यमंत्री नेफिऊ रिओ यांनी परराष्ट्रमंत्र्यांना पत्र लिहिलं आणि ती मागे घेतली गेली. तिथे कुणी पाकीट काढलं नाही आणि माझ्या मते तेच बरोबर होतं.

याहून चांगलं उदाहरण आपल्याकडेच आहे. सांचीच्या परिसरातून १८५१ मध्ये सारिपुत्त आणि मोग्गलान या बुद्धशिष्यांच्या अस्थी इंग्रजांनी नेल्या. त्या पोचल्या लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये. (ओळखीचं वाटतंय? साताऱ्यात जुलै २०२४ मध्ये वाघनखं आली ती इथूनच, तीन वर्षांच्या उसनवारीवर.) महाबोधी सोसायटीने मागणी लावून धरली. आधी बोलणं असं होतं, की अस्थी घेऊन जा, करंडे आम्ही ठेवतो. शेवटी करंड्यांसकट सगळं परत आलं. भोपाळच्या नवाबाने जागा दिली, देणग्यांतून विहार उभा राहिला आणि नोव्हेंबर १९५२ मध्ये नेहरूंच्या उपस्थितीत अस्थी तिथे विसावल्या. पैसा लागलाच, पण तो विहाराला लागला. अस्थींची किंमत कुणी केली नाही.

आणि एक हुशार गृहस्थ असेही होते, ज्यांनी आपली सोय आपणच करून ठेवली. लंडनच्या इंडिया हाउसचे श्यामजी कृष्ण वर्मा. स्वतःच्या आणि पत्नीच्या अस्थी शंभर वर्षं सांभाळायचे पैसे त्यांनी जिनिव्हात आगाऊ भरले. १९३० मध्ये ते गेले. अस्थी भारतात आल्या २००३ मध्ये, मुदत संपायच्या कितीतरी आधी!

शेवटी तेरखेड्याकडे येऊ. तेरणा नदी तिथूनच उगम पावते आणि पुढे तेर गावाजवळून वाहते. तेर म्हणजे प्राचीन तगर, रोमशी व्यापार करणारं शहर. तिथेही बौद्ध स्तूप सापडला, हस्तिदंती बाहुली सापडली. ही बाहुली लंडनला गेली नाही, मुंबईलाही नाही. गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी शेतात, नदीकाठी सापडणाऱ्या वस्तू जमवल्या आणि त्यांच्या नावाचं सरकारी म्युझियम तेरमध्येच उभं राहिलं. पुढच्या सुट्टीत गावी गेलात तर धाराशिवहून तासाभराच्या आत पोचाल. गोरोबाकाकांचं दर्शनही होईल.