बास्केटबॉलचा हिशेब कसा वाचावा?

क्रिकेटचा धावफलक ज्याला वाचता येत नाही असा माणूस आपल्या गावात शोधून सापडणार नाही. ‘झे. अमुक, गो. तमुक’ एवढे पाहिले की फलंदाज कसा गेला, झेल कोणी घेतला, चेंडू कोणाचा होता, हे सारे एका ओळीत कळते. बास्केटबॉलच्या सामन्याचाही असाच एक तक्ता असतो. अमेरिकेत त्याला बॉक्स स्कोअर म्हणतात. तो कसा वाचावा हे आज सांगायचे आहे, आणि त्यासाठी मी एकच सामना घेणार आहे.

२ मार्च १९६२. गाव हर्शी, पेनसिल्व्हेनिया राज्यातले. चॉकलेटच्या कारखान्याभोवती मालकानेच वसवलेले गाव. फिलाडेल्फिया वॉरियर्स विरुद्ध न्यूयॉर्क निक्स असा व्यावसायिक लीगचा सामना. प्रेक्षक ४,१२४. दूरदर्शनचा कॅमेरा नव्हता. वॉरियर्स १६९, निक्स १४७. यात विल्ट चेंबरलेन या सात फूट उंचीच्या खेळाडूचे गुण होते १००. खेळ संपल्यावर संघाचा प्रसिद्धीप्रमुख हार्वे पोलॅक याने एका कोऱ्या कागदावर हा आकडा लिहून चेंबरलेनच्या हाती दिला आणि त्याचे छायाचित्र निघाले. तो कागद जगभर गेला. पण मला रस आहे तो दुसऱ्या कागदात, म्हणजे तक्त्यात.

तक्ता समोर आला की आधी बेरीज करून पाहावी. मजुरीच्या पावत्या तपासता तपासता मला लागलेली ही सवय इथेही उपयोगी पडते. पहिला रकाना मिनिटांचा, म्हणजे आपला हजेरीपट. सामना ४८ मिनिटांचा आणि मैदानात एका बाजूला पाच जण. तेव्हा जादा वेळ खेळावा लागला नाही तर या रकान्याची बेरीज २४०च यायला हवी. एकाची मिनिटे वाढली की दुसऱ्याची तेवढीच कमी होतात. चेंबरलेनपुढे ४८ आहेत. म्हणजे त्या रात्री तो एकदाही बाकावर बसला नाही.

पुढे गुण. त्या काळी मैदानातून टाकलेल्या प्रत्येक बास्केटला दोनच गुण मिळत. लांबून टाकल्यास तीन, हा नियम या लीगमध्ये १९७९–८०च्या हंगामापासून आला. फाऊल झाला की मिळणारी फेक म्हणजे फ्री थ्रो; तिचा एक गुण. चेंबरलेनच्या ओळीत ६३ पैकी ३६ बास्केट आणि ३२ पैकी २८ फ्री थ्रो आहेत. बहात्तर आणि अठ्ठावीस, शंभर. हिशेब जुळला. पण त्याच रकान्यात खाली एकूण पाहा. संघाने मिळून ११५ वेळा चेंडू टाकला. त्यातले ६३ प्रयत्न याचे एकट्याचे. उरलेल्या सर्वांच्या वाट्याला ५२ आले. त्यांपैकी अल ॲटल्स हा आठ वेळा टाकून आठही वेळा यशस्वी झाला आणि त्याने एक फ्री थ्रो मिळाली तीही साधली. सतरा गुण, एकही चूक नाही! दुसऱ्या कुठल्याही रात्री त्याचे नाव मथळ्यात आले असते.

फ्री थ्रोचा आकडा मात्र थोडा थांबून वाचावा. चेंबरलेन या फेकीत कच्चा होता. त्या हंगामात तो दोन्ही हातांनी, खालून वर असा चेंडू फेकी, तरीही शंभरातल्या सुमारे एकसष्टच त्याला साधल्या. त्या रात्री मात्र बत्तीसपैकी चारच हुकल्या.

आता शेजारचा रकाना, असिस्टचा. ज्याच्या हातून चेंडू आला आणि लगेच बास्केट झाले, त्याच्या नावावर एक असिस्ट. गाय रॉजर्सपुढे २० आहेत. मैदानातून त्याने स्वतः एकच बास्केट केले! गुणांचा रकाना तेवढा पाहणारा माणूस त्याच्यावरून नजर तशीच पुढे नेईल. यंत्रमागावर विणकराच्या नावावर मीटर लिहितात. कांडी भरून देणाऱ्याचे नाव त्या ओळीत नसते. बास्केटबॉलवाल्यांनी निदान कांडीवाल्यासाठी रकाना ठेवला, हे मला आवडले. आणि त्या रकान्याची किंमत खेळाडूंनाही ठाऊक असते. शंभराव्या गुणाचा चेंडू जो रक्लिक या राखीव खेळाडूने दिला. त्याला स्वतः टाकता आला असता, पण त्याने तो चेंबरलेनकडे दिला आणि मग नोंद झाली की नाही हे पाहायला तो थेट गुणलेखकाच्या टेबलाशी गेला. तक्त्यात त्याची ओळ अशी: गुण ०, असिस्ट १.

हुकलेला चेंडू फळीवरून परत आला की जो झेलतो त्याचा तो रिबाउंड. चेंबरलेनचे २५. कोणाचा तरी, मग स्वतःचाही, नेम चुकला तरच हा आकडा वाढतो, एवढे ध्यानात ठेवले की पुरे.

हरणाऱ्या बाजूची पाने कोणी उलटत नाही. रिची गेरिन ३९, क्लीव्हलँड बकनर ३३, विली नॉल्स ३१. एका संघात तिघे तिशीपार, तरी हार. चेंबरलेनला अडवण्याचे काम डॅरल इमहॉफकडे होते. सहा फाऊल झाले की खेळाडू बाद. इमहॉफ वीस मिनिटांतच बाद झाला.

तीन चतुर्थांश खेळ झाला तेव्हा चेंबरलेनचे ६९ होते आणि वॉरियर्स १९ गुणांनी पुढे. शेवटच्या बारा मिनिटांत मात्र सामन्याचे रूप पालटले. शंभर होऊ नयेत म्हणून निक्स दुसऱ्याच खेळाडूंवर मुद्दाम फाऊल करू लागले, म्हणजे चेंडू त्याच्यापर्यंत जाणारच नाही. उलट चेंडू लवकर परत मिळावा म्हणून जिंकत असलेले वॉरियर्सही फाऊल करू लागले. जिंकणाऱ्याला याची गरज काय होती? गरज आकड्याची होती. दर जाहीर झाला की हात दराच्या दिशेने वळतात. कारखान्यात हे रोज दिसते. म्हणून तो शंभर खोटा ठरत नाही. चेंडू जाळीतून गेले, ते त्यानेच टाकले. फक्त ते मोजमाप खेळातून आले त्याबरोबर खेळही मोजमापामागे गेला, हे तक्ता सांगत नाही.

आणखी काय सांगत नाही? समोरच्याने टाकलेला चेंडू हवेतच हाताने अडवणे, याला ब्लॉक म्हणतात. या लीगमध्ये त्याची अधिकृत मोजदाद १९७३–७४च्या हंगामात सुरू झाली. चेंडू हिसकावून घेण्याचीही तेव्हाच. त्याआधी हे काम होत होते, घामही जात होता, पण रकाना नव्हता.

१९६१–६२च्या त्या हंगामात चेंबरलेनची सरासरी सामन्यामागे ५०.४ गुण होती. बॉस्टन सेल्टिक्सच्या बिल रसेलची १८.९. सर्वांत मोलाचा खेळाडू कोण, हे तेव्हा खेळाडूच मत देऊन ठरवीत. रोज त्या दोघांशी अंग घासून खेळणाऱ्या त्या माणसांनी रसेलला निवडले. चेंडू अडवण्यात त्याचा हात धरणारा दुसरा एकच होता, तो चेंबरलेन. रसेल १९६९ मध्ये निवृत्त झाला. चेंबरलेन या लीगमधला शेवटचा सामना १९७३च्या मे महिन्यात खेळला. ब्लॉकचा रकाना त्यानंतरच्या शरद ऋतूत उघडला, आणि अधिकृत वहीत त्या दोघांच्या नावापुढे त्यात काहीच लिहिलेले नाही.