चकमकीतील चकत्या

टेबलावर मांडलेल्या लढाईत प्रथम डोळ्यांत भरतात ते सैनिक. इंच-सव्वा इंच उंचीचे, बारीक कुंचल्याने रंगवलेले हे वीर पुठ्ठ्याच्या घरांआडून, लाकडी पुलांखालून एकमेकांवर नेम धरून उभे असतात. टेबलाच्या कडेला पडलेल्या चकत्यांकडे पाहणाऱ्याचे लक्षही जात नाही. मात्र खेळणाऱ्या दोघांची नजर पुनःपुन्हा वळते ती तिकडेच. कोणता सैनिक कोठे उभा आहे, हे दोघांनाही दिसतच असते. किती आज्ञा शिल्लक आहेत, कोणाला किती जखमा झाल्या आहेत, कोणती शक्ती वापरून संपली आहे, हे सैनिकाच्या मुद्रेवरून कळत नाही. ते चकतीनेच सांगावे लागते.

एके काळी हा हिशेब ठेवण्यासाठी स्वतंत्र माणूस असे. ज्या बुद्धिबळाचे मूळ भारतीय चतुरंगात आहे, त्याचाच पट वाढवून ब्रन्स्विकच्या हेल्विगने १७८० मध्ये एक युद्धखेळ रचला होता. पुढे प्रशियात फोन राइसविट्स पितापुत्रांनी पटावरची घरे काढून टाकली आणि प्रत्यक्ष भूमीशी मिळताजुळता खेळ सिद्ध केला. पुत्राने १८२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नियमांत दोन्ही पक्ष आपल्या आज्ञा एका पंचाकडे देत. पंच फासे टाकी, कोष्टके पाही आणि कोणत्या तुकडीची किती हानी झाली ते मांडून ठेवी. ह्या पंचाला जे जर्मन नाव होते त्याचा अर्थ ‘विश्वासातला माणूस’ असा होतो. सारा खेळ त्या एका विश्वासावर उभा होता. इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहून हाच प्रकार दिवाणखान्यात आणला, तेव्हा त्यांनी हिशेबच जवळजवळ काढून टाकला. स्प्रिंगच्या खेळण्यातील तोफेतून लाकडाचा तुकडा सुटे. ज्याला तो लागून जो आडवा होई तो मेला, उभा राहिला तो जिवंत. त्यात लिहून ठेवण्यासारखे फारसे काही उरतच नव्हते.

आजच्या चकमकीच्या खेळाला ह्या दोन्ही सोयी नाहीत. पंच नसतो, आणि दहा-बारा सैनिकांच्या तुकडीत प्रत्येक जण नावानिशी ओळखला जात असल्यामुळे नुसते ‘आहे’ किंवा ‘गेला’ एवढ्यावर भागत नाही. एखादा जखमी असतो, एखादा भेदरलेला असतो, एखाद्याची पाळी होऊन गेलेली असते. पंचाच्या वहीतला हा जमाखर्च मग टेबलावरच उघडा मांडावा लागतो. चकती म्हणजे त्या वहीतली एकेक नोंद. दोघांनाही ती सारखीच दिसते, हे तिचे खरे मोल.

ह्या जमाखर्चाने खेळाचा सगळा स्वभाव कसा घडतो, ते ‘इन्फिनिटी’ ह्या स्पॅनिश खेळात उत्तम रीतीने दिसते. गॅलिशियातील कॉर्व्हस बेली ह्या संस्थेने तो २००५ मध्ये बाजारात आणला. त्याची चौथी आवृत्ती २०२० मध्ये निघाली. ह्यात प्रत्येक सामान्य सैनिक पाळीच्या आरंभी आपल्या गटाच्या राशीत आज्ञेची एक चकती टाकतो. एका गटात जास्तीत जास्त दहा सैनिक. म्हणजे दहा जण टेबलावर असले तर दहा आज्ञा. पण ज्याने चकती दिली त्यानेच ती वापरावी, असे बंधन नाही. दहाच्या दहा आज्ञा एकट्या वीरावर खर्चून त्याला रस्ता ओलांडून शत्रूच्या गोटात नेता येते, आणि बाकीचे नऊ जण जागच्या जागी उभे राहतात.

ह्यातून एक विलक्षण अर्थशास्त्र जन्माला येते. चतुर खेळाडू काही स्वस्तातले, फारसे लढवय्ये नसलेले सैनिक घेतो आणि त्यांना घराच्या मागे आडोशाला उभे करतो. त्यांनी लढावे अशी अपेक्षाच नसते. जगावे आणि दर पाळीला एकेक चकती द्यावी, एवढेच त्यांचे काम. घरातल्या कर्त्या मुलाने परगावी पराक्रम करावा आणि मागे राहिलेल्यांनी त्याच्या खर्चाची तजवीज करावी, तसाच हा प्रकार. शत्रूलाही हे ठाऊक असते. म्हणून पुष्कळदा त्याचा छुपा हस्तक समोरच्या वीराला टाळून पिछाडीच्या ह्या निरुपद्रवी मंडळींवर तुटून पडतो. तीन सैनिक पडले की पुढच्या पाळीला राशीत सातच चकत्या येतात. माणूस आणि आज्ञा ह्या दोन्ही एकदमच जातात, त्यामुळे मागे पडलेल्याला सावरणे अवघड होते. पहिल्याच पाळीत निम्मी तुकडी गमावलेल्या खेळाडूला उरलेली संध्याकाळ चार-पाच आज्ञांवर काढावी लागते. ह्या खेळाचा हा कठोरपणा मान्यच केला पाहिजे. नियमकारांनी त्यावर उतारा दिला आहे तो असा: दुसऱ्यांदा खेळणाऱ्याला आरंभीच आपली एक खास चकती देऊन प्रतिपक्षाच्या पहिल्या राशीतून दोन आज्ञा कमी करता येतात. उतारा उपयोगी आहे, पुरेसा आहे असे म्हणवत नाही.

ती खास चकती निराळ्या जातीची आहे. साध्या आज्ञा नाशवंत. पाळी संपली की न वापरलेली आज्ञा वाया जाते आणि पुढच्या पाळीला नवी रास भरते. खास चकत्या मात्र साऱ्या डावाला मिळून चारच मिळतात; गेली ती गेली. नवखा खेळाडू नेमका उलटा वागतो. नाशवंत आज्ञा ‘असू द्यावी’ म्हणून तो राखून ठेवतो आणि चार खास चकत्या पहिल्याच जोशात उधळतो. पुढे तुकडीचा लेफ्टनंट मारला जातो, सामाईक रास मोडते आणि जो तो आपापल्या आज्ञेपुरता उरतो. अशा वेळी एखाद्याची आज्ञा पुन्हा सामाईक करून घेण्यास खास चकतीच लागते, आणि ती केव्हाच संपलेली असते. नाशवंत आज्ञाही मुकाट्याने संपवावी असे मात्र नाही. आपण आज्ञा खर्चून हालचाल केली की ती ज्यांना दिसते त्या शत्रुसैनिकांना प्रत्युत्तराची संधी फुकट मिळते. विनाकारण हललेला सैनिक वीस बाजूंच्या फाशाला विनाकारण आमंत्रण देतो. मोक्याच्या जागी उभ्या असलेल्याला तसेच राहू देऊन एक चकती वाया घालवणे कधीकधी शहाणपणाचे असते.

लेफ्टनंट कोण, हे गुप्त ठेवण्याची मुभा आहे. चकत्या मात्र उघड. ह्या दोहोंच्या सांध्यावर चाणाक्ष माणसाचे लक्ष असते. जो सैनिक अजून टेबलावर उतरलेला नाही, तो राशीत चकतीही टाकत नाही. तेव्हा दिसणारे सैनिक आणि राशीतल्या चकत्या मोजल्या, आणि त्याची तुलना तुकडीच्या एकूण किमतीशी केली, म्हणजे काहीतरी दडवून ठेवले आहे एवढा अंदाज करता येतो.

इतर खेळांनी निराळ्या वाटा धरल्या आहेत. इंग्लंडमधील ‘किल टीम’मध्ये डावपेचाचे गुण न वापरल्यास पुढच्या फेरीला शिल्लक राहतात, म्हणून तेथे संयमाला फळ आहे. सैनिकाची पाळी झाली की त्याच्याजवळची चकती उलटायची, ही तेथली पद्धतही सोपी आणि स्वच्छ आहे. अमेरिकेतील ‘मॅलिफॉ’मध्ये तुकडी उभारताना न खर्चलेले गुण ठरावीक मर्यादेपर्यंत मौल्यवान खड्यांच्या रूपाने हाती राहतात. एक माणूस जास्त घ्यावा की संकटकाळासाठी खडे राखावेत, हा प्रश्न लढाईच्या आधीच सोडवावा लागतो.

चकत्या हाताळण्याचीही एक रीत आहे, आणि मित्रामित्रांतले पुष्कळसे तंटे ती न पाळल्यामुळे होतात. पाळीच्या आरंभी रास दोघांनी मिळून मोजावी. आज्ञा बोलून दाखवताच चकती उचलावी, फासा पडल्यावर उचलू नये; फासा वाईट पडला की ‘चकती आधीच काढली होती’ असे मनुष्याला प्रामाणिकपणे वाटू लागते. खर्चलेल्या चकत्या पेटीत न टाकता समोरच वेगळ्या ठेवाव्यात, म्हणजे खर्च आणि शिल्लक मिळून मूळ संख्या केव्हाही पडताळता येते. मोजणीसाठी फासे वापरण्याची सवय अनेकांना असते. तीन जखमांसाठी तीनचा फासा सैनिकाशेजारी ठेवला जातो आणि पुढच्याच क्षणी कोणीतरी तो उचलून टाकतो. विकतच्या रंगीत चकत्या नसल्या तरी अडत नाही. सारीपाटाच्या कवड्या किंवा वाटीभर चिंचोके आज्ञांच्या राशीला पुरतात. खास चकत्यांसाठी चार नाणी वेगळी ठेवली की झाले.

जखमेची चकती मात्र राशीत चालत नाही. तिला त्या त्या सैनिकाबरोबर हलावे लागते, आणि घाईत ती मागेच राहते. आज्ञांचा हिशेब चुकला तर सैनिक मोजून पुढच्या पाळीला तो पुन्हा बसवता येतो. मागे राहिलेली जखम कोणाची, हे सैनिक मोजून कळत नाही. म्हणून सराईत खेळाडू सैनिक उचलण्याआधी दुसऱ्या हाताचे बोट चकतीवर ठेवतात आणि दोन्ही एकदमच सरकवतात.