मोबाइलचे पुनरुज्जीवन : काटकसर आणि दक्षता

लखनौच्या दक्षिणेस, कानपूर मार्गावर आलमबाग वसले आहे. नबाब वाजिद अली शाह यांच्या बेगम आलम आरा यांच्यावरून या परिसरास हे नाव पडले. आज तेथे मोठे बसस्थानक, मेट्रोचे स्थानक आणि गजबजलेली बाजारपेठ आहे. अशा बाजारपेठेत मोबाइल दुरुस्तीच्या दुकानी संगणकाला जोडलेला एखादा ‘मृत’ फोन हमखास दिसतो. त्याच्यावर चालू असलेल्या उपचारास कारागीर ‘फ्लॅशिंग’ म्हणतात.

जपानच्या तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात फ्लॅश मेमरी विकसित केली. वीज गेली तरी तिच्यातील माहिती टिकते आणि पुसताना संपूर्ण विभाग एकदम पुसला जातो. फोन चालविणारी मूळ प्रणाली याच चिपमध्ये साठविलेली असते. प्रणाली बिघडली की पडद्यावर कंपनीचे बोधचिन्ह उमटते आणि फोन तेथेच अडकून पडतो.

अशा वेळी सॅमसंगच्या फोनसाठी ‘ओडिन’, तर मीडियाटेक चिप असलेल्या फोनसाठी ‘एसपी फ्लॅश टूल’ यांसारखी सॉफ्टवेअर उपयोगी पडतात. त्यांच्या साहाय्याने त्या मॉडेलची प्रणाली पुन्हा भरली की फोन सुरू होतो आणि नव्या खरेदीचा खर्च वाचतो.

मात्र हे शस्त्र दुधारी आहे. संपूर्ण चिप पुसण्याचा पर्याय निवडला गेला, तर छायाचित्रे व संपर्क यांच्यासह फोनचा पंधरा अंकी आयएमईआय क्रमांकही नष्ट होऊ शकतो. हा क्रमांक म्हणजे फोनची ओळख होय. चोरीचे फोन खपविण्यासाठी तो बदलला जातो. म्हणूनच दूरसंचार अधिनियम, २०२३ अन्वये अशा फेरफारास तीन वर्षांपर्यंत कारावास वा पन्नास लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. शिवाय खात्रीच्या ठिकाणाहून न घेतलेल्या प्रणालीतून फोनमध्ये हेरगिरी करणारा प्रोग्रॅमही शिरू शकतो.

ज्या फोनवर ओटीपी येतो, तो आज खात्याची किल्लीच झाला आहे. तेव्हा दुरुस्तीस देण्यापूर्वी सिम व मेमरी कार्ड काढून घ्यावे. फोन सुरू होत असल्यास माहितीची प्रत ठेवून बँकेचे ॲप काढून टाकावे. पूर्ण बंद पडला असल्यास शाखेला कळवून मोबाइल बँकिंग तात्पुरते थांबवावे. पिन वा पासवर्ड कोणासही सांगू नये. फोन परत मिळताच *#०६# दाबून दिसणारा क्रमांक खरेदीच्या पावतीशी ताडून पाहावा.

फोन जिवंत करणे हे कारागिराचे कौशल्य. खाते सुरक्षित राखणे मात्र ग्राहकाच्याच हाती आहे.